बूट काढलेला जनरल

लंडन, १४ जानेवारी १७८७

केझाया हिला बापाचे आशीर्वाद.

पत्र लिहायला उशीर झाला, माफ कर. नऊ वर्षांच्या उशिराला उशीरच म्हणतात की आणखी काही, ते मला कळत नाही. दर नाताळाला लिहायचं ठरवत होतो. कधी खोकला आडवा आला, कधी शाई गोठली, कधी पहिल्या ओळीपुढे काही सुचेना. शाळेत मी दोनच हिवाळे गेलो, हे तुला माहीत आहे. तेव्हा चुकलंमाकलं सांभाळून घे.

तुझा पत्ता त्या आयरिश कागदवाल्याने दिला, कॉनरॉयने. तू डब्लिनला मुलींना चित्रं काढायला शिकवतेस, असं म्हणाला. थंडीत शाळेची खोली उबदार असते का, ते त्याला विचारायचं राहिलं.

काम असं आहे. जनरल लॅम्बोर्नच्या चित्राचा आपला तांब्याचा पत्रा आठवत असेलच. आपल्या मालकांना, ऑर्मरॉडसाहेबांना, तो पुन्हा छापायचा आहे. जनरलना राजाकडून मान मिळाला, तांबडा पट्टा आणि छातीवर चांदीचा तारा. तो तारा पत्र्यात घालायचा, खाली नवीन पदवी कोरायची आणि प्रती काढायच्या, एवढंच. पण पत्रा झिजलाय. आपल्या खरडकामाचा पत्रा शंभर-सव्वाशे प्रतींपुढे टिकत नाही आणि आपण त्या वर्षी साडेतीनशे काढल्या. घोडा आणि धूर ठीक आहे. चेहरा मात्र धुक्यात गेल्यासारखा झालाय. समोर मूळ नमुना असल्याशिवाय, नुसत्या छापील प्रतीवरून, तो परत उठवता येणार नाही. तू जनरलना दुकानात बसवून खडूने जे डोकं काढलं होतंस, ते जाताना बरोबर नेलंस. ते पाठव. काम झालं की परत करीन.

तळाशी तुझं नाव गेलं नाही, याचा राग अजून मनात असेल. ते ऑर्मरॉडसाहेबांनी चालू दिलं नाही, हे मी तेव्हाही सांगितलं होतं. सेनापतीच्या तोंडाखाली बाईचं नाव त्यांना नको होतं. मी काय करणार.

माझी तब्येत ठीक आहे. हात ठीक आहेत.

तुझा बाप,
जेबेझ थर्ल्बी


लंडन, ११ फेब्रुवारी

केझाया हिला आशीर्वाद.

उत्तर आलं नाही. होलीहेड बंदरात वारा उलटा असला की बोटी आठ-आठ दिवस अडकतात, असं कॉफीच्या दुकानात ऐकलं. तसंच झालं असावं. पत्राचा हशील घेणाऱ्याला भरावा लागतो, तेव्हा तू पत्र घेतलंच नसशील असंही एकदा मनात आलं. पण हशिलासाठी तू बापाचं पत्र परत करणार नाहीस. किंवा करशीलही. मी ठरवू शकत नाही.

लेडी लॅम्बोर्न दुकानात येऊन गेल्या. मी मागे पत्रा घासत बसलो होतो. ऑर्मरॉडसाहेबांनी मला तसंच काळ्या हातांनी बाहेर बोलावलं. बाई उंच आहेत, थकलेल्या आहेत, आणि समोरच्याला खुर्ची द्यायची त्यांना सवय नाही. आधी म्हणाल्या, हे खरडकाम त्यांना कधी आवडलं नाही, सगळं काजळ वाटतं, नट्यांना आणि शर्यतीच्या घोड्यांना ते शोभतं. सेनापती रेघकामातच असायला हवा. म्हणून त्यांनी तीन वर्षांपूर्वी टॉलिसकडून रेघकामात करवून घेतला होता. टॉलिस तुला आठवत असेल, माझ्याशी बोलताना खिडकीबाहेर बघायचा तो. त्याला दोन वर्षं लागली. कोटाची बटणं मोजून घ्यावीत अशी, तलवारीच्या मुठीवरची नक्षीसुद्धा दिसते.

मग त्यांनी विचारलं की तुम्ही करता तरी कसं. मी सांगितलं, रेघवाला कोऱ्या तांब्यावर रेघ खोदतो, जिथे खोदतो तिथे काळं उमटतं. आम्ही उलटे जातो. दातेरी पाळणा, म्हणजे गोल धारेचं डुलतं हत्यार, पत्र्यावर डुलवत डुलवत आधी सगळा पत्रा खरबरीत करायचा, तो तसाच छापला तर नुसता काळा मखमाली चौकोन येतो. मग खरडून आणि घोटून त्यातून उजेड काढत जायचा. जितकं गुळगुळीत, तितकं उजळ. म्हणजे, त्या म्हणाल्या, तुमच्याकडे माणूस अंधारात आधीपासून बसलेला असतो. मी म्हटलं, तसं म्हणा हवं तर.

त्यानंतर त्या भिंतीवरच्या आपल्या जुन्या प्रतीसमोर बराच वेळ उभ्या राहिल्या. जनरलना अर्धांगाचा झटका आलाय, अर्धं तोंड ओघळलंय, पुढचा हिवाळा दिसणार नाही, असं त्यांनी भिंतीकडे बघतच सांगितलं. मग म्हणाल्या, "टॉलिसच्या चित्रात सगळं आहे, फक्त हे घरी नाहीत. या काजळात आहेत. संध्याकाळी बूट काढले की यांचा चेहरा असा व्हायचा. तुम्हाला कसं कळलं?"

केझी, तुला आठवतंय ना? त्या दिवशी जनरलचा उजवा बूट चावत होता, तू म्हणालीस काढून बसा ना, इथे कोण बघतंय, आणि त्यांनी तो काढून काउंटरखाली सारला. तू, मी आणि जनरल, तिघांनाच ठाऊक. अख्ख्या लंडनने तो चेहरा विजयाचा म्हणून विकत घेतला. बाईंना मी एवढंच म्हणालो की आमच्याकडे तेव्हा हात चांगला होता. कुणाचा ते म्हणालो नाही.

बाईंना त्या चेहऱ्याची नवी प्रत जनरल असेतोवर हवी आहे. ऑर्मरॉडसाहेबांना तारा हवा आहे.

तारा घालायला घेतला होता. तांबं वाईट निघालं, थोडी अडचण आली, निस्तरतोय. ऑर्मरॉडसाहेब म्हणाले की चेहरा नाही जमला तर डोकं घोटून टाका आणि नवं डोकं बसवा. नौदलाचा कुणी सध्या फार चालतोय म्हणे. घोडा तोच, कोट तोच. बोटवाल्याला घोडा कशाला, असं विचारायला गेलो तर म्हणाले, थर्ल्बी, गिऱ्हाईक तोंड विकत घेतं, बाकी भिंत झाकायला असतं. हे या धंद्यात नवीन नाही, मी स्वतः दोन डोकी बदलली आहेत. पण हे डोकं बदलायला माझा जीव होत नाही.

चित्र पाठव. थोड्याच दिवसांसाठी हवंय.

जेबेझ थर्ल्बी


लंडन, ९ मार्च

केझाया हिला आशीर्वाद.

दुसरं पत्र परत आलं. "घेतलं नाही" असा टपालवाल्याचा शेरा आहे. पहिलं घेतलंस की नाही ते कळायला मार्ग नाही. हे पत्र कॉनरॉयच्या हाती देतोय, त्याची बोट पुढच्या आठवड्यात आहे. तो ते तुझ्या हातात देईल, हशील नाही. परत आलेलं दुसरंही त्याच्याकडेच देतोय. आधी ते वाच, मग हे.

त्या पत्रात तांबं वाईट निघालं असं लिहिलंय. तांबं चांगलं होतं.

तारा छातीच्या डाव्या बाजूला असतो. छापलं की सगळं उलटं होतं, म्हणून पत्र्यावर तो जनरलच्या उजव्या छातीवर घालायचा. हे मी तुला तू सात वर्षांची असताना शिकवलं होतं, चमचा आरशासमोर धरून. मी तो पत्र्यावरही डाव्या छातीवरच घातला. चार दिवस बसून, भिंग लावून, एकेक टोक उजळत. छान आला होता. पन्नास वर्षांच्या कामानंतर ही चूक कुणी करत नाही. शिकाऊसुद्धा पहिल्या महिन्यातच करतो, पुढे नाही.

नेड क्रोशॉने प्रत काढली. तो अजून आपल्या छापयंत्रावर आहे, गुडघे गेलेत पण तोंड शाबूत आहे. ओला कागद सोलून वर धरला, बघितला, आणि म्हणाला, "म्हातारबुवा, राजाने जनरलना मान दिला की आरशाने?" मी म्हटलं, गप बस. तो म्हणाला, "मी गप बसतो हो, पण आता पट्टा पण दुसऱ्या खांद्यावर घ्या, तलवार उजवीकडे लटकवा, आणि जनरल डावखुरे होते म्हणून छापून टाका." मग माझ्याकडे नीट बघितलं आणि प्रत गुंडाळून शेगडीत घातली. ऑर्मरॉडसाहेबांना सांगितलं की शाई बिघडली होती. त्याने मला पाणी आणून दिलं. नेडने मला पाणी आणून दिलं, म्हणजे मी कसा दिसत असेन बघ.

चुकीची जागा दातेरी चाकाने पुन्हा खरबरीत केली, तारा योग्य बाजूला घातला. बारकाईने बघितलं तर कोटावर डाग दिसतो, डाळिंबाएवढा. धूर म्हणून खपेल.

हात ठीक आहेत असंही मी लिहिलं होतं. सकाळी ठीक असतात. दुपारनंतर उजव्या अंगठ्याला काय धरलंय ते समजत नाही. खरवडणी अडकते, किंवा धरलेली नसतानाच सरकते. कुणाला बोललो नाही. नेडला ठाऊक असावं. जेवताना तो माझी भाकरी आधीच तोडून ठेवतो आणि म्हणतो, उंदराने खाल्लीय.

पण चेहरा मी करू शकतो. सकाळचे तीन तास पुरेत. फक्त समोर तुझं चित्र हवं. दुसरं काही मागत नाही. तुला इकडे यायला सांगत नाही, तुझी शाळा आहे, मुली आहेत. चित्र कॉनरॉयकडे दे.

जेबेझ थर्ल्बी


लंडन, ६ मे

केझी, बाळ,

हा कागद जाड आहे, घडी घालताना कडेला तडकला. तो अजून उलटू नकोस. आधी ही बाजू वाच.

चित्र ईस्टरनंतरच्या मंगळवारी मिळालं. गुंडाळी सोडली, आत बाहेर दोनदा बघितलं, कॉनरॉयला विचारलं की आणखी काही दिलं होतं का. म्हणाला, नाही, पत्र दारातच उभी राहून शेवटपर्यंत वाचलं, आत गेली, हे आणून दिलं. मी चित्र मागितलं, तू चित्र पाठवलंस. तुझी काही चूक नाही. मागताना मीच चुकलो.

कसं झालं ते सांगतो. नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा बरं.

चित्र आरशासमोर लावलं. नऊ वर्षांत खडू जरासाही पुसला नाही, तू त्यावर पातळ कागद ठेवला होतास. खालच्या कोपऱ्यात तू लहान बूट काढलायस, ते मी विसरलोच होतो. तीन सकाळी काम केलं. कपाळ आलं. नाक आलं. चौथ्या दिवशी डोळे घेतले. तू काढलेले डोळे कसे होते, पापण्या जरा खाली, जणू पाय मोकळा झाल्याची बातमी आत्ताच वर पोचली. मी खरडत गेलो आणि ते डोळे उघडत गेले. जितका उजेड काढावा तितके ताठ. संध्याकाळी नेडने प्रत काढली, बघितली आणि माझ्यासमोर ठेवली. त्या कागदावर जनरल दचकलेला होता. चोर बघितल्यासारखा. मी म्हटलं, बोल ना आता. तो म्हणाला, "काय बोलू, थर्ल्बी? हे तुम्ही आहात." तो मला नावाने कधी हाक मारत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्त करायला बसलो आणि अंगठा गेला. डाव्या डोळ्यापासून हनुवटीपर्यंत एकच ओरखडा, पांढरा, सरळ. लढाईतली जखम म्हणूनसुद्धा खपली नसती.

मी घोटणी घेतली आणि डोकं घोटून टाकलं. सगळं. तुझं काम त्याखाली जेवढं उरलं होतं तेवढंही. दोन तास लागले. ऑर्मरॉडसाहेबांच्या नौदलवाल्यासाठी नाही. तसं तोंड बाईंना दाखवणं मला शक्य नव्हतं.

मग वर जाऊन ऑर्मरॉडसाहेबांना सांगितलं. तारा, अंगठा, ओरखडा, सगळं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, मग आता डोकं कोण करणार? मी म्हटलं, ज्याने पहिलं केलं तो हात. म्हणजे माझी मुलगी. आणि या वेळी तळाशी तिचं नाव जाईल, नाहीतर मी तिला विचारणारसुद्धा नाही. हे बोलताना मी भिंतीला टेकलो होतो.

त्यांनी हिशेबाची वही मिटली. म्हणाले, "पहिलं डोकं केझायाने केलं होतं? आणि तुम्ही मला नऊ वर्षं सांगितलं नाहीत? अहो, बाईने केलेला सेनापती म्हणून मी दुप्पट खपवला असता."

आता खरं काय ते लिहितो. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. सेनापतीच्या तोंडाखाली बाईचं नाव चालणार नाही, हे त्यांचं बोलणं नव्हतं, माझं होतं. जानेवारीच्या पत्रातसुद्धा मी तेच खोटं पुन्हा लिहिलं, इतकी वर्षं सांगून ते मला खरंच वाटायला लागलं होतं. कारण विचारशील तर सांगायला लाज वाटते. त्या 'टर्क्स हेड' खानावळीत दर गुरुवारी रेघवाले बसत. आम्ही खरडे दाराजवळच्या बाकावर. जनरलचं चित्र लागलं त्या गुरुवारी टॉलिस सरकून बसला आणि मला त्यांच्यात खुर्ची दिली. तळाशी माझं नाव होतं म्हणून. मी बसलो. घरी आलो तेव्हा तू विचारलंस, "बाबा, माझं नाव पुढच्या छपाईत तरी?" आणि मी ऑर्मरॉडसाहेबांचं नाव पुढे केलं. त्या खुर्चीवर मी एकूण सहा गुरुवार बसलो. सातव्याला तिथे दुसरं कुणी बसलं होतं. तोवर तू बोटीत होतीस.

एवढंच होतं ते. सहा गुरुवार.

आता पत्र्याचं. डोक्याची जागा मी पाळण्याने पुन्हा तयार केली. पाळण्याला अंगठा फारसा लागत नाही, मनगट लागतं, ते अजून शाबूत आहे. तू लहानपणी याच आवाजावर झोपायचीस, बंद केला की जागी व्हायचीस, आणि तुझी आई म्हणायची की हिला निजवायला जेबेझला काम मिळालं पाहिजे. सतरा दिवस डुलवला. आडवा, उभा, तिरपा, पुन्हा आडवा, ऐंशी वेळा. घाई केली नाही. भिंगाखाली कुठे एक ठिपका उजळ सापडणार नाही तुला. जे मला करता येतं ते मी नीट केलंय.

तळची अक्षरं कोरणाऱ्याकडून करून घेतली. जनरलची नवी पदवी डावीकडून उजवीकडे पूर्ण. खाली माझं नाव होतं तिथे आता तुझं आहे. माझं काढून टाकायला सांगितलं होतं, पण तो म्हणाला, घोडा आणि कोट कुणी केला मग? म्हणून तुझ्यानंतर, बारीक अक्षरात, मी आहे. तुला नको असेल तर तेवढं घोटून टाक. मला वाईट वाटणार नाही. थोडं वाटेल.

ऑर्मरॉडसाहेब महिनाअखेरीला येणाऱ्या व्हिट्सनच्या सणापर्यंत थांबतील. त्यानंतर ते तिथे नौदलवाल्याचं डोकं बसवणार, आणि त्याच्याखाली अर्थातच तुझं नाव राहणार नाही. जनरल अजून आहेत. बाईंचा नोकर परवा येऊन विचारून गेला. मी म्हटलं, सांगा, हात यायचाय.

आता कागद उलट.

नेडने ही एकच प्रत काढली आणि माझ्या हातात दिली. घोडा आहे, धूर आहे, तारा योग्य बाजूला आहे, डागसुद्धा दिसेल तुला. कॉलरच्या वर काळं आहे. नेड म्हणाला, असा जनरल मी प्रथमच बघितला जो अजून ठरवतोय की यावं की न यावं. मी हसलो नाही, पण ते मला पटलं. लेडी लॅम्बोर्न म्हणाल्या होत्या तसं, माणूस अंधारात आधीपासून बसलेला आहे. त्याला बाहेर काढणं आता माझ्या हातचं राहिलं नाही. तुझं चित्र कोरड्या जागी, पातळ कागदाखाली, तू ठेवलं होतंस तसंच ठेवलंय.

तुझी खोली रिकामी आहे. मी तिथे काही ठेवलेलं नाही, फक्त कांदे, ते काढतो. खिडकीखालचं मेज अजून उत्तरेला तोंड करून आहे. दुकानात बसून काम करायला नको असेल तर पत्रा वर आणून देईन, नेड आणि मी मिळून. मी खाली थांबेन. बोलायचं नसेल तर बोलणार नाही.

येणार असलीस तर कुठल्या बोटीने ते लिही. येणार नसलीस तर तेही लिही, म्हणजे मी सणाच्या आधी पत्र्यावरून तुझं नाव माझ्याच हाताने उतरवीन, परक्याला करू देणार नाही. पत्र लांब नको. माझ्यासारखं मुळीच नको. एक ओळ पुरे. कॉनरॉय डब्लिनला शनिवारपर्यंत आहे, त्याच्याजवळ दे, आणि तो निघून गेला असला तर टपालात टाक. हशील मी भरीन, कितीही असो, दार वाजलं की मीच खाली जातो.

बाबा